म्हादईचं 13.42 : एका आकड्याची पार्श्वभूमी

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीच्या माथ्यावर पडणारा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. मलप्रभा इथंच उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. जवळूनच निघणारा कळसा नाला मात्र पश्चिमेला उतरून म्हादईत येतो. मधला उंचवटा इतका अरुंद आहे की एकीकडचं पाणी दुसरीकडे नेणं नकाशावर अगदी सोपं दिसतं. कर्नाटक आणि गोवा यांच्यातला म्हादईच्या पाण्याचा वाद तिथूनच सुरू होतो.

म्हादईचं खोरं 2,032 चौरस किलोमीटरचं. त्यातलं 1,580 गोव्यात, 375 कर्नाटकात आणि दोडामार्गकडचं 77 महाराष्ट्रात. खाली हीच नदी मांडवी होते. तिच्या काठची खाजन शेती बांध आणि मानशी (बांधातली पाण्याची दारं) यांवर उभी आहे : भरतीचं खारं पाणी बाहेर रोखायचं, वरून आलेलं गोडं पाणी जपून वापरायचं. 2012 मध्ये खाणी बंद होईपर्यंत याच पात्रातून खनिजाच्या बार्जी (मालवाहू होड्या) मुरगाव बंदराकडे जात. (बार्जींनी नदीचं काय केलं, यावर गोव्यात म्हादईइतकं कधी बोललं गेलं नाही, हेही खरं.)

हुबळी-धारवाडच्या पिण्याच्या पाण्यासाठी कळसा आणि भांडुरा या नाल्यांतून 7.56 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वळवायची कर्नाटकची मूळ योजना होती. 2002 च्या एप्रिलमध्ये केंद्राने तत्त्वतः होकार दिला आणि गोव्याच्या हरकतीनंतर त्याच वर्षी तो स्थगित केला. 2006 मध्ये कणकुंबीत काम सुरू झालं, गोवा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2010 मध्ये लवाद नेमला गेला. 2016 च्या जुलैमध्ये लवादाने 7.56 ची अंतरिम मागणी फेटाळली. अंतिम निवाडा आला ऑगस्ट 2018 मध्ये.

निवाड्यात कर्नाटकला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी. 7.56 मागितले आणि 13.42 मिळाले, असा अर्थ अनेकांनी लावला. पण 13.42 मध्ये दोन वेगळ्या जातीचं पाणी एकत्र मोजलेलं आहे. त्यातलं 8.02 वीजनिर्मितीचं, म्हणजे टर्बाइनमधून फिरून नदीतच परत येणारं. उरलेल्या 5.40 पैकी 1.50 खोऱ्यातच वापरायचं. खोऱ्याबाहेर जाणारं फक्त 3.90 : कळशाचं 1.72, भांडुऱ्याचं 2.18. म्हणजे मूळ मागणीच्या जेमतेम निम्मं.

‘परत येणारं’ हा शब्दही जपून वाचायला हवा. जलाशयात अडवलेलं पाणी विजेच्या गरजेप्रमाणे सुटतं, पावसाच्या वेळापत्रकाप्रमाणे नाही. हिशेबात ते खर्च होत नाही, पण ओढ्यातल्या माशाला आणि काठच्या झाडाला ते पूर्वीच्या वेळी, पूर्वीच्या जागी मिळत नाही. ‘वापर’ या एका शब्दाखाली दोन्ही गोष्टी घातल्यामुळे एका बाजूला फसवणूक झाल्यासारखं वाटलं, दुसऱ्या बाजूला लूट.

कर्नाटकचा युक्तिवाद असा की लवादानेच खोऱ्यात सुमारे 188 टीएमसी पाणी धरलं आहे, त्यातून 3.90 गेल्याने काय बिघडतं? टक्केवारी दोनच्या आसपास येते, हे बरोबर. पण 188 मधलं बहुतेक पाणी पावसाच्या चार महिन्यांत वाहून जातं. खाजनाच्या बांधाला खारं पाणी भिडतं ते उन्हाळ्यात आणि तेव्हा वर्षाची सरासरी कामाला येत नाही.

निवाडा 27 फेब्रुवारी 2020 ला राजपत्रात आला, तरी तिन्ही राज्यांची अपिलं सर्वोच्च न्यायालयात राहिली. डिसेंबर 2022 मध्ये कर्नाटकच्या सुधारित आराखड्याला केंद्रीय पातळीवर मान्यता मिळाली. त्यात पाणी पंपाने उचलायचं आहे. त्यानंतर गोव्याने वन्यजीव कायद्याच्या कलम 29 चा आधार घेतला : अभयारण्यात येणारं किंवा त्यातून बाहेर जाणारं पाणी मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवान्याशिवाय वळवायला मनाई. म्हादई अभयारण्य 1999 चं, सुमारे 208 चौरस किलोमीटरचं. जानेवारी 2020 मध्ये तिथं चार वाघ मेलेले सापडले. जुलै 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायला सांगितलं. नदीसाठी अभयारण्य पुढे करणाऱ्या गोवा सरकारने या आदेशाला मात्र सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं.