अमेरिकेतल्या युनियनचा रस्ता कोर्टातून का गेला

डिसेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात स्टारबक्सच्या एका दुकानातल्या कामगारांनी युनियनच्या बाजूने मतदान केलं. चार महिन्यांनी स्टेटन आयलंडवरच्या ॲमेझॉनच्या गोदामात तेच झालं. या बातम्या आपल्याकडेही आल्या, पण मुंबई-पुण्यात वाचणाऱ्याला त्यात एक गोष्ट खटकते. युनियन करायला निवडणूक कशाला? आपल्याकडे १९२६ च्या कायद्याने सात जणांनी मिळून अर्ज केला तरी युनियन नोंदवता यायची, आणि एकाच कारखान्याच्या गेटवर तीन युनियनचे तीन झेंडे हे दृश्य तर नेहमीचंच. अमेरिकेत मात्र सरकारी मंडळ मतदान घेतं, बहुमत मिळालेली एकच युनियन सगळ्यांच्या वतीने बोलते, आणि मग मालकाला तिच्याशी बोलणी करणं कायद्याने भाग असतं. ही पद्धत १९३५ ची. ती का आली हे समजायला त्याआधीची सव्वाशे वर्षं बघावी लागतात, आणि बघताना कारखान्याइतकंच कोर्टावरही लक्ष ठेवावं लागतं.

सुरुवातच कोर्टात होते. १८०६ मध्ये फिलाडेल्फियातल्या जोडे शिवणाऱ्या आठ कारागिरांवर खटला भरला गेला. त्यांनी ठरावीक दरापेक्षा कमी मजुरीत काम करायचं नाही असं आपसात ठरवलं होतं. आरोप काय, तर कट केल्याचा. एकट्याने जास्त मजुरी मागणं हा गुन्हा नव्हता. तीच मागणी एकत्र येऊन केली की गुन्हा. प्रत्येकाला आठ डॉलर दंड झाला. पुढची काही दशकं ‘कट’ हे हत्यार मालकांच्या हाताशी होतं. १८४२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी बॉस्टनच्या बूट कारागिरांच्या खटल्यात निकाल दिला की संघटना करणं हाच काही गुन्हा नव्हे. तिचा हेतू आणि मार्ग बेकायदा आहेत का ते पाहायचं. निकाल एका राज्याचा, पण इतरत्रही त्याचा आधार घेतला जाऊ लागला.

तोवर कारागिरांचं जग मागे पडायला लागलं होतं. त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये लोवेल इथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या होत्या. तिथे कामाला होत्या न्यू इंग्लंडच्या शेतकरी घरांतल्या तरुण मुली. राहायला कंपनीची वसतिगृहं, उठायला-जेवायला-कामावर जायला घंटा, आणि आठवड्याला सत्तर तासांहून जास्त काम. सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवायची, त्यासाठी खिडक्या बंद. मजुरी कापली म्हणून १८३४ मध्ये आणि वसतिगृहाचं भाडं वाढवलं म्हणून १८३६ मध्ये या मुली गिरण्यांतून बाहेर पडल्या. १८४० च्या दशकात सारा बॅग्ली यांच्या पुढाकाराने त्यांनी आपली संघटना केली आणि दहा तासांच्या दिवसासाठी हजारो सह्यांचे अर्ज राज्याच्या विधिमंडळाकडे पाठवले. १८४५ मध्ये विधिमंडळाच्या समितीपुढे या मुलींच्या साक्षी झाल्या. मग समिती लोवेल बघायला गेली आणि तिने अहवालात लिहिलं की गिरण्यांभोवती हिरवळ आहे, झाडं लावली आहेत, सगळीकडे आरोग्याची आणि सुखसोयीची काळजी घेतलेली दिसते. आणि कामाचे तास ठरवणं हे काही विधिमंडळाचं काम नव्हे. (सरकारी पाहणीच्या दिवशी आवार झाडून ठेवायची रीत किती जुनी आहे!) समितीचे अध्यक्ष विल्यम शूलर लोवेलचेच आमदार. बायकांना मताचा अधिकार नव्हता, तरी त्यांनी ठराव केला की शूलर यांना पुन्हा राजधानीत पाठवू नये म्हणून आम्ही सगळा जोर लावू. पुढची निवडणूक शूलर हरले.

लोवेलचा कापूस दक्षिणेतल्या गुलामांच्या श्रमावर पिकत होता, हे विसरून चालत नाही. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात तो कापूस थांबला, तेव्हा मुंबईच्या कापूस बाजारात पैशाचा पूर आला. ती गोष्ट आपल्याला ठाऊक असते. युद्ध संपल्यावर अमेरिकेत जे घडलं त्याचा वेग मात्र डोळे फिरवणारा होता. रेल्वे, कोळसा, पोलाद यांत प्रचंड कंपन्या तयार झाल्या आणि युरोपातून बोटी भरभरून माणसं येऊ लागली. ज्याला मालक चेहऱ्याने ठाऊक होता त्या कामगारावर आता दूरच्या कचेरीतून पगारकपातीची नोटीस लागायची.

१८७३ मध्ये मंदी आली आणि १८७७ च्या जुलैत बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने मजुरीत पुन्हा दहा टक्के कपात केली. वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला गाड्या अडल्या आणि काही दिवसांत संप शिकागो, सेंट लुईसपर्यंत पसरला. त्यामागे देशव्यापी युनियन नव्हती, त्याला पुढारीही नव्हता. पिट्सबर्गमध्ये सैनिकांच्या गोळीबारात वीसेक माणसं मेली आणि चिडलेल्या जमावाने रेल्वेचं आवार जाळलं. अध्यक्ष हेज यांनी फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची, फौज पाठवली. देशभरात सुमारे शंभर बळी गेले. पुढच्या काळात मोठ्या शहरांत सैनिकांसाठी किल्ल्यासारखी शस्त्रागारं बांधली गेली, ती शत्रू समुद्रापलीकडून येईल म्हणून नव्हे.

या उद्रेकाचा फायदा ‘नाइट्स ऑफ लेबर’ला झाला. १८६९ मध्ये फिलाडेल्फियातल्या काही शिंप्यांनी गुप्त मंडळ म्हणून ती सुरू केली होती. टेरेन्स पावडर्ली यांच्या काळात ती उघड झाली. कुशल-अकुशल, बाई-पुरुष, गोरे-काळे अशा सगळ्यांना तिचं दार उघडं होतं आणि १८८६ मध्ये सभासद सात लाखांवर गेले. त्या काळाच्या मानाने हे धाडसच. पण ‘सगळे’ या शब्दात चिनी कामगार बसत नव्हते. त्यांना देशाबाहेर ठेवणाऱ्या १८८२ च्या कायद्याला या संघटनेचा पाठिंबा होता. १८८५ मध्ये वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्सला गोऱ्या खाणकामगारांनी २८ चिनी कामगारांना ठार मारलं. त्या जमावात नाइट्सचे सभासद होते. कुणालाही शिक्षा झाली नाही. अमेरिकन कामगार चळवळीचा इतिहास गौरवाने सांगताना हे पान सहसा झटकन उलटलं जातं, म्हणून इथे थांबलो.

१ मे १८८६ रोजी आठ तासांच्या दिवसासाठी देशभर संप झाला. त्याच सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांसाठी निदान रविवारची सुट्टी तरी द्या म्हणून झगडत होते. शिकागोत ३ मे रोजी मॅकॉर्मिकच्या कारखान्यासमोर पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्याच्या निषेधाची सभा ४ मेच्या रात्री हेमार्केट चौकात झाली. महापौर स्वतः येऊन, सभा शांत आहे असं बघून गेले. माणसं पांगत असताना पोलीस आले आणि कुणीतरी बाँब फेकला. तो कुणी फेकला हे आजवर सिद्ध झालेलं नाही. सात पोलीस मेले. आठ अराज्यवाद्यांवर खटला चालला, तो मुख्यतः त्यांच्या भाषणांवर आणि लेखांवर. चौघांना फाशी झाली, एकाने त्याआधी तुरुंगातच आत्महत्या केली. उरलेल्या तिघांना १८९३ मध्ये गव्हर्नर ऑल्टगेल्ड यांनी माफी दिली आणि खटलाच अन्यायाचा होता असं लेखी म्हटलं. आपल्याकडे महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीत मिसळून गेलेला १ मेचा कामगार दिन इथून निघाला. अमेरिकेत मात्र सरकारी कामगार दिन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असतो.

हेमार्केटनंतर नाइट्स ओसरली. तिची जागा घेतली ‘अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर’ने. डिसेंबर १८८६ मध्ये स्थापन झालेल्या या संघाचे प्रमुख सॅम्युएल गॉम्पर्स मूळचे लंडनचे, पेशाने सिगार वळणारे. समाज बदलण्याच्या गप्पा नकोत. मजुरी, तास आणि लेखी करार यांवर बोला, असा त्यांचा रोखठोक हिशेब. वर्गणी चढी, संपनिधी भक्कम, आणि प्रत्येक कसबाची वेगळी युनियन. युनियन टिकली ती यामुळेच. पण ज्याच्या हाती कसब नाही तो हमाल, बिगारी, नुकता उतरलेला परदेशी आणि बहुतेक ठिकाणी काळा कामगार बाहेरच राहिला.

कसबी कामगारांची ताकदसुद्धा किती तोकडी होती हे १८९२ मध्ये होमस्टेडला दिसलं. पिट्सबर्गजवळचा हा पोलाद कारखाना अँड्र्यू कार्नेगींचा. ‘शेजाऱ्याचं काम हिसकावू नको’ हा कामगारांचा अलिखित नियम आहे, असं या गृहस्थांनी १८८६ मध्ये एका मासिकात समजुतीने लिहिलं होतं. करार संपायच्या सुमारास ते स्कॉटलंडला होते आणि कारभार हेन्री क्ले फ्रिक यांच्याकडे होता. फ्रिकने कारखान्याभोवती उंच कुंपण घातलं, वर काटेरी तार लावली आणि टाळेबंदी केली. ६ जुलैच्या पहाटे पिंकर्टन कंपनीचे तीनशे हत्यारबंद पहारेकरी दोन पडावांतून मोनोंगहेला नदीने आले. गाव जागं होतं. बायका-पोरांसह लोक काठावर धावले. दिवसभर गोळीबार चालला. कामगारांनी तेल पेटवून पाण्यावर सोडलं, रेल्वेचा पेटता डबा उतारावरून ढकलला. संध्याकाळी पिंकर्टनवाले शरण आले आणि काठापासून गावात नेताना त्यांना लोकांनी झोडपलं. दोन्हीकडची मिळून दहाच्या आसपास माणसं मेली. लढाई कामगारांनी जिंकली, पण काही दिवसांत राज्याची आठ हजारांवर फौज उतरली, तिच्या पहाऱ्यात बदली कामगार आत गेले आणि नोव्हेंबरपर्यंत संप मोडला.

होमस्टेडला बंदुका कामी आल्या. दोन वर्षांनी पुलमनच्या संपात कागद पुरला, म्हणून मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. शिकागोच्या दक्षिणेला रेल्वेचे आरामडबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमन यांनी कारखान्याशेजारी अख्खं गाव वसवलं होतं. घरं, दुकानं, वाचनालय, देऊळसुद्धा कंपनीचं आणि भाड्याचं. १८९३ च्या मंदीत मजुरी सरासरी पंचवीस टक्क्यांनी उतरली. घरभाडं जसंच्या तसं राहिलं. जेनी कर्टिस ही तिथली शिवणकाम करणारी मुलगी. तिचे वडील कंपनीत तेरा वर्षं काम करून वारले, तेव्हा भाड्याचे साठ डॉलर थकले होते. ते तिच्या पगारातून वळते व्हायला लागले. हे तिने नंतर सरकारी तपास आयोगापुढे सांगितलं.

मे १८९४ मध्ये संप झाला. युजीन डेब्स यांच्या ‘अमेरिकन रेल्वे युनियन’ने पुलमनचे डबे लावलेली गाडी चालवायची नाही असं ठरवलं आणि शिकागोपासून पश्चिमेपर्यंतची वाहतूक ठप्प झाली. अमेरिकेचे ॲटर्नी जनरल रिचर्ड ओल्नी हे आधी रेल्वे कंपन्यांचेच वकील. त्यांच्या खात्याने फेडरल कोर्टातून मनाईहुकूम मिळवला. टपाल अडवू नका, वाहतूक अडवू नका, इतकंच नव्हे, तर कुणाला संपात सामील व्हायला सांगूही नका. हुकमाला आधार काय, तर बड्या कंपन्यांची मक्तेदारी मोडायला १८९० मध्ये केलेला कायदा! गव्हर्नर ऑल्टगेल्ड यांनी विरोध करूनही अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी फौज पाठवली. डेब्सना हुकूम मोडल्याबद्दल सहा महिने तुरुंगवास झाला आणि १८९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो कायम केला.

यानंतर संपाची चाहूल लागली की मालकाचा वकील कोर्टाच्या पायऱ्या चढायचा. साक्षी नाहीत, ज्युरी नाही, न्यायाधीशाची एक सही. त्याच मक्तेदारीविरोधी कायद्याखाली कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या टोपी कामगारांवर दावा लागला. युनियनने मालावर घातलेल्या बहिष्काराची भरपाई म्हणून सुमारे अडीच लाख डॉलर बसले आणि साध्या सभासदांच्या घरांवर, बँकेतल्या शिलकीवर जप्ती आली. ‘मी युनियनमध्ये जाणार नाही’ असं लिहून दिल्याशिवाय नोकरी नाही, ही अटही कोर्टांना मान्य होती. १९१४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, युनियनना सूट देणारा कायदा केला, गॉम्पर्सनी त्याचं तोंड भरून कौतुक केलं, आणि १९२१ मध्ये कोर्टाने त्यातली हवा काढून टाकली.

सगळंच अंधारलेलं नव्हतं. १९०२ च्या कोळसा संपात थिओडोर रूझवेल्ट यांनी फौज न पाठवता दोन्ही बाजूंना चर्चेला बोलावलं. खाणकामगारांना दहा टक्के वाढ मिळाली, युनियनला मान्यता मात्र नाही. १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या शिवणकारखान्यांतल्या हजारो मुली संपावर गेल्या. त्यातल्या ट्रायँगल कारखान्याने युनियनशी करार करायला नकार दिला. २५ मार्च १९११ ला तिथेच आग लागली, बाहेर पडायचं एक दार कुलूपबंद होतं, १४६ जण मेले. रस्त्यावरून ते बघणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स नावाची तरुणी होती. १९३३ मध्ये ती अमेरिकेची कामगारमंत्री झाली.

तोवर महामंदीने मालकांची पत घालवली होती. १९३२ च्या कायद्याने मनाईहुकमांना लगाम घातला. १९३५ मध्ये सेनेटर रॉबर्ट वॅग्नर यांच्या कायद्याने युनियन करणं हा हक्क ठरवला, त्याबद्दल कुणाला कामावरून काढणं बेकायदा केलं आणि वाद नदीकाठावर किंवा न्यायाधीशाच्या दालनात न मिटवता मतपत्रिकेवर मिटवायला मंडळ नेमलं. मालकांना वाटलं, हाही कायदा कोर्टात पडेल. काही काळ ते त्याला जुमानलेच नाहीत. डिसेंबर १९३६ मध्ये मिशिगनमधल्या फ्लिंट इथे जनरल मोटर्सचे कामगार यंत्रांपाशीच बसून राहिले. कारखान्यातून हलायचंच नाही, म्हणजे बदली कामगार आत येणार कुठून? या वेळी गव्हर्नरने फौज संप मोडायला वापरली नाही. ४४ दिवसांनी कंपनीने युनियनला मान्यता दिली. मार्चमध्ये ‘यूएस स्टील’ने संपाशिवायच करार केला, होमस्टेडचा कारखाना तेव्हा याच कंपनीकडे होता. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी वॅग्नर कायदा वैध ठरवला.

त्या कायद्यात कामगार कोणाला म्हणायचं याची व्याख्या आहे आणि तिने शेतमजूर व घरकामगार दोघांना वगळलं. दक्षिणेतले बहुतेक काळे कामगार याच दोन कामांत होते आणि काँग्रेसमध्ये दक्षिणेच्या सभासदांचं वजन मोठं होतं. कॅलिफोर्नियाच्या शेतमजुरांना मतदान करून युनियन निवडायचा हक्क मिळाला तो १९७५ मध्ये, तोही त्या राज्याच्या कायद्याने. फेडरल कायद्याची व्याख्या या दोन्ही गटांच्या बाबतीत आजही तशीच आहे.