दर दोन तासांची कूस

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग ही परिचारिका जवळपास ४२ वर्षे खाटेवर होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच तिच्यावर पाशवी हल्ला झाला. गळ्याभोवती आवळलेल्या साखळीने मेंदूला रक्त पोहोचेना आणि मेंदू कायमचा जायबंदी झाला. १८ मे २०१५ला न्यूमोनियाने ती गेली. बहुतेकांना तिचे नाव इच्छामरणाच्या खटल्यामुळे ठाऊक असते. मला मात्र त्या प्रकरणातली एक वेगळीच गोष्ट थक्क करते. इतक्या वर्षांत तिच्या अंगावर एकही बेडसोर, म्हणजे सतत पडून राहिल्याने दाबाखाली होणारी जखम, झाला नाही, असे रुग्णालयाने सांगितले होते.

घरात अंथरुणाला खिळलेले माणूस ज्यांनी सांभाळले आहे, त्यांना या वाक्याचे वजन लगेच कळेल. पाठीला जखम व्हायला महिने लागत नाहीत, दुर्लक्षाचे काही तास पुरतात.

त्वचेतल्या केशवाहिन्यांमधला, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांमधला, दाब फार थोडा असतो. १९३० साली झालेल्या मोजणीत वाहिनीच्या धमनीकडील टोकाला तो पाऱ्याच्या साधारण ३२ मिलिमीटर इतका भरला. बाहेरून याहून जास्त दाब पडला, की बागेतल्या पाइपवर पाय पडल्यावर पाणी थांबते तसे रक्त थांबू शकते. साध्या गादीवर निजलेल्या माणसाच्या टाचेखाली किंवा माकडहाडाच्या वरच्या भागाखाली दाब यापेक्षा सहज जास्त असतो. आपल्याला काही होत नाही, कारण झोपेतही आपण नकळत कूस बदलत राहतो. ज्याला हालचाल करता येत नाही किंवा टोचतेय हेच कळत नाही, त्याच्या पेशी तिथल्या तिथे गुदमरतात. शिवाय स्नायूला प्राणवायूची उणीव त्वचेपेक्षा कमी सोसते. त्यामुळे वरून नुसता डाग दिसत असतो आणि आत हाडालगत मांस मरायला लागलेले असते. १९५९ साली मायकल कोसियाक यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले, की जास्त दाब थोडा वेळ आणि कमी दाब जास्त वेळ, दोन्हींचा परिणाम सारखाच घातक असतो. वॉर्डात वजन कमी करता येत नाही. घड्याळ तेवढे हातात असते.

दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे दिवसाला १२ वेळा आणि वर्षाला ४३८०. हाच नेम ४१ वर्षे आणि काही महिने धरला, तर आकडा १ लाख ८० हजारांच्या आसपास जातो. हा माझा कागदावरचा हिशेब आहे, रुग्णालयाची नोंद नव्हे. पण दीर्घ आजाऱ्याच्या बाबतीत करुणा म्हणतात ती कुठे राहते, ते या आकड्यावरून कळते. ती रात्री तीन वाजताच्या पाळीत राहते.

या नेमाचा मोठा पुरस्कर्ता होता लुडविग गुटमन. नाझी जर्मनीतून निसटून इंग्लंडला आलेल्या या मेंदूतज्ज्ञाने १९४४ साली स्टोक मँडव्हिल रुग्णालयात मणका मोडलेल्या सैनिकांचा विभाग हाती घेतला. तोवर असे रुग्ण बेडसोर आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत आणि ते अटळच मानले जाई. गुटमनने दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम सक्तीने पाळायला लावला आणि रुग्ण जगू लागले. (पुढे त्याच रुग्णांसाठी त्याने १९४८मध्ये ज्या क्रीडास्पर्धा भरवल्या, त्यांतूनच पॅरालिंपिक उभे राहिले.)

परिचारिकांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे नाव डोरीन नॉर्टन यांचे. त्या स्वतः परिचारिका होत्या. त्यांच्या काळात बेडसोर टाळण्यासाठी पाठ चोळण्याची, तऱ्हेतऱ्हेची मलमे नि लेप लावण्याची प्रथा होती. आपल्याकडच्या वॉर्डांतली स्पिरिट-पावडर त्याच घराण्यातली. नॉर्टन आणि सहकाऱ्यांनी वृद्ध रुग्णांवर अभ्यास करून १९६२ साली निष्कर्ष मांडला, की फरक पडतो तो दाब हटवल्याने, बाटलीत काय आहे त्याने नव्हे. धोका आधीच ओळखण्यासाठी त्यांनी पाच मुद्द्यांची गुणपट्टी केली: शारीरिक स्थिती, मनाची स्थिती, वावर, हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा. एकूण २० गुण, आणि १४ किंवा त्याहून कमी भरले तर सावध. आज अनेक ठिकाणी १९८७ची ब्रेडन गुणपट्टी वापरतात, पण सुरुवात इथली.

‘दोन तास’ हा आकडा मात्र दगडावर कोरलेला नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या शुश्रूषागृहांत झालेली एक मोठी चाचणी २०१३मध्ये प्रसिद्ध झाली. दाट फोमच्या चांगल्या गाद्या असतील तर दोन, तीन वा चार तासांनी कूस बदलण्यात बेडसोरच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. गादी चांगली असेल, तर रुग्णाला रात्री सलग झोप देता येते. आपल्या सरकारी वॉर्डातल्या गादीला हा निष्कर्ष लावू नये, एवढे भान ठेवलेले बरे.

कूस बदलणे हा एक भाग झाला. अरुणाला २०१०च्या सप्टेंबरपर्यंत, म्हणजे जवळजवळ ३७ वर्षे, अन्न कुस्करून तोंडाने भरवले जात होते. मग आजारपणात खाणे घटले आणि राईल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, घालावी लागली. ज्याचे गिळणे बिघडले आहे त्याला भरवताना घास श्वासनलिकेत गेला, तर न्यूमोनियाचा धोका असतो. म्हणून घास लहान घ्यायचा, डोके उंच ठेवायचे, आधीचा घास खरोखर उतरला का ते पाहायचे. नळीने अन्न घालणे यापेक्षा कितीतरी लवकर उरकते.

हे सगळे वर्षानुवर्षे करताना मनाचे काय होते? १९६० साली इझाबेल मेन्झीस या मनोविश्लेषकाने लंडनच्या एका शिक्षण-रुग्णालयावर निबंध लिहिला. दुःख, मृत्यू, घाण यांच्याशी रोज गाठ पडणाऱ्या परिचारिकांना वाचवण्यासाठी व्यवस्थेने नकळत तटबंदी केली होती. काम तुकड्यातुकड्यांत वाटलेले, सतत बदल्या, कुणाशी जीव जडू द्यायचा नाही. रुग्णाला नावही नसे. ‘दहा नंबरच्या खाटेवरचे लिव्हर’ असा उल्लेख होई. आपल्याकडेही ‘बारा नंबर’ ऐकू येतेच. मेन्झीस यांचे म्हणणे असे, की या तटबंदीने चिंता कमी होत नाही, उलट कामातले समाधान तेवढे हिरावले जाते आणि चांगल्या मुली सोडून जातात.

याला पूरक पुरावा मेंदूविज्ञानातून आला. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत तानिया सिंगर, ओल्गा क्लिमेकी आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना लोकांच्या यातनांच्या चित्रफिती दाखवल्या. आधी त्यांना दुसऱ्याचे दुःख आपल्यात भिनवून घेण्याचा सराव दिला. त्यांच्या मेंदूत वेदनेशी निगडित भाग जास्त चेतले आणि मन खिन्न झाले. मग दुसरा सराव दिला: समोरच्याचे भले व्हावे ही इच्छा मनात धरायची. विपश्यनेसाठी इगतपुरीला जाऊन आलेल्यांना ‘मंगल मैत्री’ म्हणून तो ओळखीचा वाटेल. चित्रफिती तितक्याच दुःखाच्या, पण या वेळी जिव्हाळा आणि समाधान यांच्याशी जोडलेले वेगळे जाळे जागे झाले आणि मन सावरले. हे लोक परिचारिका नव्हते आणि सरावही थोड्या दिवसांचा होता, तेव्हा फार ताणू नये. पण जुन्या सिस्टर नव्या मुलींना ‘रडत बसू नकोस, आधी चादर बदल’ असे सांगतात, त्यात निष्ठुरपणा नसून शहाणपण असावे असे मला यावरून वाटते. हाताला काम मिळाले की दुसऱ्याचे दुःख सोसवते.

स्पर्शाचेही असेच. केसाळ त्वचेत काही संथ मज्जातंतू असतात. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर वेगाने हलका हात फिरवला, की ते सर्वांत जास्त प्रतिसाद देतात आणि माणसाला तोच वेग सुखाचा वाटतो. स्वीडनमधील संशोधकांनी २००९ साली हे मोजले. स्पंजिंग करताना घाईने पुसलेला हात आणि सावकाश पुसलेला हात, यांत त्वचेच्या दृष्टीने खरोखरच फरक आहे.

सावकाश पुसायला मात्र वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे माणसे. लिंडा एकेन यांनी २००२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांची आकडेवारी तपासली. एका परिचारिकेवर एक रुग्ण जास्त पडला, की शस्त्रक्रिया झालेल्यांच्या ३० दिवसांतील मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आणि परिचारिका कामाने करपून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. परिचारिकांना ‘देवदूत’ म्हणणाऱ्या भाषणांचा मला म्हणूनच राग येतो. देवदूताला रजा लागत नाही आणि बदली माणूसही द्यावे लागत नाही. केईएमच्या परिचारिकांनी नुसती सेवा केली नाही. हल्ल्यानंतर सुरक्षिततेसाठी त्यांनी संप केला, आणि खाट मोकळी करायला अरुणाला हलवण्याचा विचार पालिकेने केला तेव्हाही त्या आडव्या आल्या. इच्छामरणाच्या खटल्यातल्या ७ मार्च २०११च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिच्या वतीने बोलण्याचा हक्क त्यांच्या रुग्णालयाचाच मानला. तोवर वॉर्डात अशा मुली आल्या होत्या, ज्यांचा जन्म १९७३ नंतरचा.

घरी अंथरुणावरचे माणूस असेल तर वॉर्डातली एक सवय उचलण्याजोगी आहे. रोज अंघोळीच्या वेळी टाचा, घोटे, खुबे, माकडहाडाची जागा, खांद्याची पाती, कानांच्या पाळ्या आणि डोक्याची मागची बाजू उजेडात पाहायची. लाल डागावर बोट दाबून सोडायचे. दाबल्यावर जागा फिकी पडली, तर रक्त अजून फिरते आहे. फिकी पडत नसेल तर ती पहिल्या पायरीची जखम. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गरम, गार, कडक किंवा लिबलिबीत लागते का ते हाताने चाचपायचे. अशी जागा चोळायची नाही, त्या अंगावर निजवायचे नाही, आणि टाचा पोटरीखाली उशी घालून अधांतरी ठेवायच्या. कूस बदलताना ओढायचे नाही, चादरीसकट दोघांनी उचलायचे.