शेततळ्याचं अनुदान: आधी मंजुरी, मग पोकलेन

सर्वात पहिले एकच सांगतो, पोकलेनवाल्याला फोन आत्ताच करू नका. आमच्या अमळनेरकडच्या एका काकांनी केला, मशीन गावात आलेलंच होतं, भाव पण बरा लावला, दोन दिवसात तळं खोदून मोकळे झाले आणि मग अर्ज भरायला गेले. ऑफिसात एकच प्रश्न विचारला, पूर्वसंमती कुठंय? ती नव्हतीच, त्यामुळे खोदलेलं तळं आहे, पाणी आहे, पण अनुदानाचा एक रुपया नाही. त्यामुळे आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मग आखणी, मग खोदाई, हा क्रम डोक्यात फिट करून घ्या, बाकी फॉर्म भरणं तसं काही अवघड नाही.

आधी २०१६ ला मागेल त्याला शेततळे ही योजना आली होती, त्यात जास्तीत जास्त ५० हजार मिळायचे. आता मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत वैयक्तिक शेततळं म्हणून घटक आहे आणि मर्यादा ७५ हजारांची आहे. पण भाऊ, ७५ हजार म्हणजे सगळ्यांना ७५ हजार असं नाही, तळ्याच्या आकारावर पैसे ठरतात. लहानात लहान १५ बाय १५ बाय ३ मीटर, मोठ्यात मोठं ३४ बाय ३४ बाय ३. मोठ्या आकारात बाजूचा उतार धरूनसुद्धा २५ लाख लिटरच्या वर पाणी बसतं, म्हणजे कपाशीला दोन पाळ्या तरी सुटतात. मोठं खोदायचं असेल तर अनुदानात सगळा खर्च निघेल असं धरू नका, खिशातले घालावेच लागतात.

पात्रतेचं म्हणाल तर आपल्या खान्देशात शेतकऱ्याच्या नावावर कमीत कमी ०.४० हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमीन पाहिजे. आधी कोणत्याही योजनेतून शेततळं घेतलेलं नसावं. आणि जागा तांत्रिकदृष्ट्या योग्य पाहिजे, ही अट लोक वाचतच नाहीत. काळी, चिकण, पाणी धरणारी जमीन चांगली. रावेर-यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याला खाली नुसता गोटा-वाळूचा थर आहे, तिथं तळं भरतं आणि चार दिवसात जमिनीत जातं. विहिरींना ते चांगलंच आहे म्हणा, पण तुम्हाला मार्चमध्ये केळीला पाणी द्यायचं असेल तर तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरल्याशिवाय भागत नाही. त्या अस्तरीकरणाचा घटक वेगळा आहे, अर्ज पण वेगळा, शेततळ्यातच धरला असेल असं समजू नका.

आता कागदं. शेतकरी ओळख क्रमांक म्हणजे फार्मर आयडी २०२५ पासून सक्तीचा झालाय, तो नसेल तर पुढचं पानच उघडत नाही. सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचं पासबुक, आणि अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर जातीचा दाखला. सातबाऱ्यावर काकाचं, आत्याचं नाव असेल, सामाईक खातं असेल तर त्यांचं संमतीपत्र आधीच लिहून घ्या, आत्या सुरतला असते आणि दिवाळीलाच येते हे कारण तिथं कोणी ऐकत नाही. आणखी एक, खातं आधारला लिंक आहे का हे बँकेत जाऊन विचारा. माझ्या वडिलांची दोन खाती होती, आम्ही पासबुक दिलं एका बँकेचं आणि आधार लिंक दुसऱ्याच जुन्या बंद पडलेल्या खात्याला, पैसे तिथं अडकले, नंतर तीन चकरा झाल्या. घरी येणारा जाणारा रोज विचारे, पैसा कवय येतीन, म्हणजे पैसे कधी येतील?

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. लॉगिन करून सिंचन साधने व सुविधा निवडायचं, त्यात वैयक्तिक शेततळे, मग इनलेट-आउटलेटसह (पाणी आत यायची आणि बाहेर जायची वाट) की त्याशिवाय, मग आकार. नाल्याचं, शेताचं वाहतं पाणी येणार असेल तर इनलेट-आउटलेटसह घ्या, विहिरीचं पाणी भरून ठेवायचं असेल तर त्याशिवाय. इथं घाईत भलताच पर्याय दाबला जातो आणि मग पाहणीला आल्यावर जागा जुळत नाही. फी २३ रुपये ६० पैसे, सेतूवाला त्याच्या मेहनतीचे वेगळे घेतो ते त्याचे. जुन्या व्हिडिओत लॉटरी लागते म्हणतात ते विसरा, आता जो पहिले अर्ज करेल त्याचा नंबर पहिले, म्हणून पाहू उन्हाळ्यात असं करत बसू नका.

निवड झाली की मोबाईलवर मेसेज येतो, कागदं अपलोड करायची, मग कृषी सहाय्यक (आता त्यांचं नाव सहाय्यक कृषी अधिकारी झालंय, गावात अजून जुनंच चालतं) जागा पाहून जातात आणि पूर्वसंमती मिळते. चुन्याने आखणी करताना स्वतः उभे रहा. आमच्याकडे टेप एका बाजूने बांधावरून धरला होता, दीड मीटरचा फरक पडत होता, आणि मोजमाप कमी भरलं की अनुदान त्याच आकाराचं मिळतं. खोदताना आणि झाल्यावर फोटो काढून ठेवा, लोकेशन चालू ठेवून. माती बांधावर नीट टाका, पहिल्याच मोठ्या पावसात ती परत आत येते, आणि गाळ काढणं, डागडुजी हे सगळं शेतकऱ्याच्याच अंगावर आहे.

पाणी साठलं की ठिबकचा अर्ज पण त्याच पोर्टलवर करा. अल्प-अत्यल्प भूधारकाला केंद्र-राज्य मिळून ८० टक्के, बाकीच्यांना ७५ टक्के. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आदिवासी भावांनी शेततळ्याच्या आधी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना पाहून घ्या, त्यात नवीन विहिरीला पैसे आहेत आणि डोंगराच्या उताराला तळ्यापेक्षा कधी कधी विहीरच बरी पडते.

कुंपणाचं मात्र अनुदानात धरू नका, ते स्वतःच करा, आणि कागद टाकला असेल तर एक दोर गाठी मारून आत सोडून ठेवा. ओल्या कागदावरून मोठ्या माणसाला पण वर येता येत नाही.