कोर-लॉस मापन

चोक (गाभ्यावर गुंडाळलेली तारेची वेटोळी) किंवा ट्रान्सफॉर्मरमधून बदलता प्रवाह जात असताना त्याच्या चुंबकीय गाभ्यात, म्हणजे कोरमध्ये, उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती मोजण्याची पद्धत. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा निपाणी, खानापूरच्या रिवाइंडिंगच्या दुकानांत ५० हर्ट्‌झची मोटार चालवून, हात लावून ‘कोर तापतोय’ एवढे सांगता येते आणि तेवढ्यावर काम भागते. वेल्डिंग इन्व्हर्टर किंवा सौर पंपाच्या कंट्रोलरमधला चोक मात्र दहा-वीस पट नव्हे, शेकडो पट वारंवारतेवर चालतो. तिथे हाताचा अंदाज उपयोगी पडत नाही.

गाभ्यातील चुंबकन दर आवर्तनाला आलेखावर एक बंद वळसा घेते. त्या वळशाचे क्षेत्रफळ म्हणजेच प्रत्येक घनमापामागे वाया गेलेली ऊर्जा. गाभ्यात फिरणारे भोवरी प्रवाह तिच्यात भर घालतात. म्हणून मोटारीत पातळ, एकमेकांपासून विलग केलेले सिलिकॉन स्टीलचे पत्रे असतात आणि उच्च वारंवारतेला जास्त विद्युतरोध असलेले फेराइट (लोहाच्या ऑक्साइडचा भाजलेला चुंबकीय पदार्थ) वापरतात. विद्युत अभियंता चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९२ मध्ये हिस्टेरिसिसचा, म्हणजे त्या वळशाचा, व्यय (वाया जाणारी शक्ती) फ्लक्स घनतेच्या (गाभ्यातील चुंबकीय क्षेत्राच्या घनतेच्या) १.६ व्या घाताप्रमाणे वाढतो असे मांडले. आजच्या पॉवर फेराइटमध्ये हा घात २.५ च्या आसपास असतो. म्हणजे फ्लक्स घनता दुप्पट झाली की व्यय साडेपाच पटींहून जास्त होतो.

मापनाची रूढ रीत दोन गुंडाळ्यांची. बिनफटीच्या कड्यावर दोन गुंडाळ्या घालतात. पहिलीला प्रवाह देतात, दुसरी उघडी ठेवतात. पहिलीतला प्रवाह कमी इंडक्टन्सच्या रोधावर (रेझिस्टरवर) आणि दुसरीवरचा विद्युतदाब (व्होल्टेज) थेट, असे दोन्ही ऑसिलोस्कोपवर (लहरी दाखवणाऱ्या यंत्रावर) घेऊन त्यांच्या गुणाकाराची एका आवर्तनातील सरासरी काढतात. तिला वेढ्यांच्या गुणोत्तराने गुणून गाभ्याच्या घनफळाने भागले की आकडा येतो. दुसऱ्या गुंडाळीतून जवळपास प्रवाहच वाहत नसल्याने तांब्याचा व्यय या हिशेबात शिरत नाही. रीत सुंदर आहे, पण खरी अडचण पुढेच आहे.

चांगल्या गाभ्यात प्रवाह दाबाच्या जवळजवळ ९० अंश मागे असतो (पूर्ण आवर्तन म्हणजे ३६० अंश). समजा हा कोन ८८ अंश आहे आणि स्कोपने तो ८९ वाचला. एका अंशाच्या या चुकीने व्यय निम्मा दिसतो. १ मेगाहर्ट्‌झला एक अंश म्हणजे जेमतेम २.८ नॅनोसेकंद. साध्या कोअॅक्स केबलमध्ये संकेताला मीटरभर जायला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे दोन प्रोबच्या केबलींत अर्ध्या मीटरचा फरक असला तरी निकाल बिघडतो. म्हणून मापनाआधी दोन्ही चॅनेलमधला वेळेचा फरक एकाच संकेतावर जुळवून घेणे ही शिस्त आहे. ती टाळून काढलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

ही संवेदनशीलता कमी करण्यासाठी पहिल्या गुंडाळीच्या मालिकेत कमी व्ययाचा संधारित्र (कपॅसिटर) जोडतात. त्याचा दाब गाभ्याच्या प्रतिक्रियात्मक (प्रवाहाशी ९० अंशांवर असलेल्या) दाबाच्या उलट असल्याने दोन्ही एकमेकांना खोडतात आणि उरलेला दाब प्रवाहाच्या बराचसा समकलेत येतो, म्हणजे दोघांतला कोन लहान होतो. चौकोनी लहरींना हा उपाय पुरत नाही. तिथे त्या जागी हवेच्या गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर घेतात.

कोनाची भानगडच नको असेल तर उष्णतामापी. आवरण घातलेल्या भांड्यात गाभा ठेवून तापमानवाढ पाहतात आणि तीच वाढ ज्ञात डीसी शक्ती दिलेल्या रोधाने होते का, हे ताडून पाहतात. वेळ खूप जातो आणि गुंडाळीची उष्णता वेगळी वजा करावी लागते.

तापमानाची नोंद नसलेला आकडा अपुरा. मँगनीज-झिंक पॉवर फेराइटचा व्यय साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअसला सर्वांत कमी असतो. बेळगावच्या थंडीत टेबलावर मोजलेला कोर एप्रिलमध्ये चिकोडीच्या उसाच्या शेतात, पत्र्याच्या पेटीत वेगळाच वागेल. गाभा त्या किमान व्ययाच्या टप्प्यापलीकडे तापला तर तापल्याने व्यय आणि व्ययाने ताप वाढत जातो. म्हणून मापन झटपट उरकतात, नाहीतर गाभा स्थिर तापमानाच्या तेलात ठेवतात. त्याचबरोबर डीसी प्रवाहही द्यावा, कारण कंट्रोलरमधल्या चोकवर तो कायम असतो आणि त्याने फेराइटचा व्यय बहुधा वाढतो.