एचआयव्ही आणि हृदयविकार : खानदेशच्या संदर्भात

एचआयव्ही हा प्रतिकारशक्तीवर घाला घालणारा विषाणू. तो रक्तातील सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशींत शिरतो, तिथेच वाढतो आणि त्या पेशी संपवत जातो. या पेशींची संख्या दर घनमिलिमीटरला २०० च्या खाली आली की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. या आजाराचा हृदयाशी असलेला संबंध सामान्य लोकांत फारसा माहीत नाही. त्याचे एक कारण सरळ आहे : पूर्वी बहुतेक रुग्ण हृदयविकाराच्या वयापर्यंत पोहोचतच नसत. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून एआरटीच्या, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणाऱ्या उपचाराच्या, गोळ्या मोफत मिळू लागल्या. २०१७ मध्ये सीडी-४ कितीही असले तरी निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आले. आता रोज गोळी घेणारा माणूस पन्नाशी-साठी सहज ओलांडतो, आणि म्हणूनच त्याच्या हृदयाकडे पाहणे भाग आहे.

संसर्गानंतर २ ते ४ आठवड्यांत अनेकांना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, सांधेदुखी आणि मानेत-काखेत गाठी अशी लक्षणे दिसतात. पावसाळ्यात खानदेशातल्या कुठल्याही दवाखान्यात असा ताप मलेरिया, डेंग्यू किंवा टायफॉइडच्या संशयात जातो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो. त्यानंतर कित्येक वर्षे काहीच जाणवत नाही. पुढे वजन उतरणे, तोंडात पांढरा चट्टा, लांबलेले जुलाब, नागीण, टीबी ही लक्षणे पुढे येतात. लक्षणांवरून एचआयव्ही ओळखता येत नाही. त्यासाठी रक्ततपासणीच लागते. ती सरकारी रुग्णालयांतील आयसीटीसीमध्ये (समुपदेशन व तपासणी केंद्रात) मोफत आणि गुप्तता राखून होते.

हृदयाला इजा मुख्यतः सुजेमुळे होते. संसर्गाच्या सुरुवातीलाच आतड्याच्या अस्तरातील सीडी-४ पेशी मोठ्या प्रमाणात मरतात, अस्तर कमजोर होते आणि जिवाणूंचे अंश रक्तात झिरपू लागतात. शरीर त्यांच्याशी सतत लढत राहते. ही मंद धग रक्तवाहिन्यांच्या आतल्या थराला लागते, तिथे चरबीचे थर साचतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. गोळ्यांनी विषाणू दबला तरी ही सूज पूर्णपणे जात नाही. त्यामुळे एचआयव्हीसह जगणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका इतरांच्या साधारण दीड ते दोनपट आढळतो. उपचार न घेतलेल्यांत चित्र वेगळे असते : हृदयाचा स्नायू सैल पडून त्याची पंप करण्याची ताकद घटते, किंवा हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी भरते. आपल्याकडे या पाण्यामागे पुष्कळदा टीबी असतो.

नेमकी इथेच गफलत होते. धाप लागणे, थकवा, पायावर सूज, आडवे पडल्यावर दम कोंडणे ही हृदय कमजोर झाल्याची लक्षणे आहेत. पण घरचे लोक ‘आजारामुळे अशक्तपणा आलाय’ म्हणतात, डॉक्टर आधी टीबी शोधतात, आणि छातीतली जळजळ गॅस म्हणून सोडून दिली जाते. ४५ अंशांच्या उन्हात जळगाव-भुसावळकडे दम लागला तर दोष उन्हावर जातो. ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) या दोन तपासण्यांनी बराच उलगडा होतो. त्या रुग्णालाच सांगून करून घ्याव्या लागतात, ही खरी अडचण.

खानदेशात गोळ्यांच्या सातत्याचा प्रश्न जास्त गंभीर आहे. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात, भुसावळ मोठे रेल्वे जंक्शन आहे, आणि नंदुरबारच्या सातपुड्यातून आदिवासी कुटुंबे ऊसतोडीला व मजुरीला गुजरातेत जातात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात ट्रकचालक आणि स्थलांतरित मजुरांवर म्हणूनच विशेष लक्ष असते. ऊसतोडीच्या पालावर दहा जणांत गोळी खाणे सोपे नसते. बाटलीवरचे लेबल खरवडून ती पिठाच्या डब्यात दडवली जाते. संपली की ‘गावी गेल्यावर घेऊ’ म्हणून महिना-दोन महिने निघून जातात. हा खंड हृदयालाही भोवतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्मार्ट या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ५,४७२ जण सहभागी होते. सीडी-४ चांगले असताना औषधे थांबवणाऱ्या गटात मृत्यू तर वाढलेच, हृदय, यकृत आणि मूत्रपिंडाचे गंभीर आजारही वाढले. बाहेरगावी जाणाऱ्याला जवळच्या दुसऱ्या एआरटी केंद्रातून गोळ्या घेता येतात; निघण्यापूर्वी समुपदेशकाला सांगून कागद करून घेणे एवढेच त्यासाठी लागते.

औषधांची बाजूही पाहावी लागते. जुन्या काही औषधांनी रक्तातील चरबी वाढत असे. सध्या बहुतेकांना मिळणारी टीएलडी ही रोजची एक गोळी हृदयाच्या दृष्टीने बरीच सुरक्षित आहे, मात्र तिच्यातील डोलुटेग्रेव्हिरने काहींचे वजन वाढते. याच औषधामुळे मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाची रक्तातील पातळीही वाढते, म्हणून मधुमेह असल्यास त्याचा डोस डॉक्टरांनी बेतून द्यावा लागतो. रिटोनाव्हिर हे एचआयव्हीवरचे औषध घेणाऱ्याला कोलेस्टेरॉल कमी करणारे सिमव्हास्टॅटिन देऊ नये, स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. पण बीपी-शुगरच्या डॉक्टरांपासून एआरटी लपवली असेल, तर त्यांनी हे जपायचे तरी कसे?

२०२३ मध्ये रिप्रीव्ह या अभ्यासाचे निष्कर्ष आले. भारतासह अनेक देशांतील ४० ते ७५ वयाच्या ७,७६९ जणांचा त्यात समावेश होता. पिटाव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातील औषधाची रोजची गोळी घेणाऱ्यांत हृदयविकाराच्या मोठ्या घटना सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. हे सगळे जण आधीपासून एआरटीवर होते आणि त्यांचा हृदयविकाराचा धोका फार मोठा मानला जात नव्हता, म्हणून या निष्कर्षाचे मोल जास्त. चाळिशी ओलांडलेल्या रुग्णाने स्टॅटिनबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.

बाकी पथ्य सर्वांसारखेच. तंबाखू आणि बिडी सोडणे सर्वांत मोठे. मळलेली तंबाखूही यात आली. शेवभाजीचा तेलाचा तवंग आणि लोणचे-पापडातले मीठ बेताने. कळण्याची भाकरी, केळी, वांग्याचे भरीत यांत टाळण्यासारखे काही नाही, भरितात तेल कमी घातले की झाले.

छातीत दाबल्यासारखे वाटून दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात गेले, घाम फुटला, तर १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार या आजाराच्या कारणावरून उपचार नाकारता येत नाहीत, आणि संमतीशिवाय चाचणी किंवा माहिती उघड करण्यासही मनाई आहे. शंका असल्यास १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.