पेड एफएसआय आणि टीडीआर: मजला तोच, पण शहराच्या पदरात काय पडतं?

नाशिकमध्ये 1980 आणि 90 च्या दशकात उभ्या राहिलेल्या सोसायट्या आता एकेक करून पुनर्विकासाला निघाल्या आहेत. गंगापूर रोड, कॉलेज रोड, शरणपूर रोड, इंदिरानगर, नाशिक रोड, कुठेही जा, जिना आणि पार्किंगच्या मधल्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सभा चाललेली दिसते. बिल्डरचा माणूस प्रस्ताव वाचतो. त्यात एक ओळ असते, ‘एकूण मिळणारा एफएसआय 2.00’, म्हणजे प्लॉटच्या दुप्पट बांधकाम. कुणीतरी विचारतं, यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत आणलेला बांधकामाचा हक्क, किती? उत्तर येतं, “काका, टीडीआर घ्या नाहीतर पेड एफएसआय घ्या, शेवटी एकच. तुम्हाला तुमचा कार्पेट मिळाल्याशी मतलब.”

हे उत्तर अर्धं खरं आहे. फ्लॅटमध्ये उभं राहून पाहिलं तर पाचवा मजला टीडीआरचा की पेड एफएसआयचा हे कुणालाच सांगता येणार नाही. पण त्या मजल्याचे पैसे कुणाच्या खिशात गेले, त्या बदल्यात नाशिकला रस्ता किंवा बाग मिळाली की नुसती पावती, आणि नव्या फ्लॅटच्या दरात त्यातलं किती चढलं, या तिन्ही बाबतींत दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो कळल्याशिवाय सही करू नये, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी पाया. एफएसआय म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल याचं प्रमाण. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई वगळता जवळपास सगळ्या महाराष्ट्राला एकच नियमावली लागू झाली, तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यानुसार नाशिक महापालिकेच्या हद्दीत, गावठाणासारखा दाट वस्तीचा भाग सोडला तर, मूळ एफएसआय 1.10 आहे. म्हणजे 1,000 चौरस मीटरच्या प्लॉटवर 1,100 चौरस मीटर. हा मूळ हक्क, तो कुणाकडून विकत घ्यावा लागत नाही. त्याच्यावर जे चढवायचं, तिथे या दोन गोष्टी येतात.

पेड एफएसआय, म्हणजे नियमावलीच्या भाषेत प्रीमियम एफएसआय, सरकारकडून विकत घेतलेलं जादा बांधकाम. त्याचा दर रेडीरेकनरमधल्या, म्हणजे सरकारी दरपत्रकातल्या, जमिनीच्या दराच्या 35 टक्के. समजा तुमच्या भागात रेडीरेकनरचा जमीनदर चौरस मीटरला 20,000 रुपये आहे. मग पेड एफएसआयचा प्रत्येक चौरस मीटर 7,000 रुपयांना पडतो, आणि 500 चौरस मीटर घेतले की 35 लाख. हे पैसे महापालिकेत भरायचे, त्यातला एक हिस्सा राज्य सरकारकडे जातो. व्यवहार सरळ आहे: चलन भरा, मजला चढवा. यात कुणाची जमीन गेलेली नसते, आणि शहरात कुठे नवा रस्ताही झालेला नसतो.

टीडीआरची गोष्ट दुसऱ्याच टोकाला सुरू होते. शहराच्या विकास आराखड्यात कुणाच्या तरी शेतावर डीपी रोड, उद्यान किंवा शाळेचं आरक्षण पडलेलं असतं. महापालिकेला ती जमीन हवी असते, पण रोख मोबदला द्यायला पैसे नसतात. 1966 च्या नगररचना कायद्याचं कलम 126 सांगतं की अशी जमीन रोख मोबदल्याऐवजी विकास हक्क देऊनही घेता येते. मालक जमीन महापालिकेच्या नावे करून ताबा देतो आणि त्याला मिळतं विकास हक्क प्रमाणपत्र, डीआरसी. दाट वस्तीबाहेर दिलेल्या जमिनीच्या दुप्पट टीडीआर मिळतो, दाट वस्तीत तिप्पट. हे प्रमाणपत्र तो दुसऱ्याला विकू शकतो. तुमच्या सोसायटीचा बिल्डर ते विकत घेऊन तुमच्या प्लॉटवर ‘लोड’ करतो. प्रमाणपत्रावर जमीन कुठल्या सर्व्हे नंबरची, तिचा त्या वर्षीचा दर काय आणि टीडीआर किती, हे सगळं असतं. कुठे किती वापरला तेवढा त्यातून वजा होत जातो.

म्हणजे टीडीआरच्या प्रत्येक चौरस मीटरमागे नाशिकमध्ये कुठेतरी खरी जमीन शहराच्या ताब्यात आलेली असते, आणि ती आधी येते, मजला नंतर चढतो. मला हा फरक सगळ्यात मोठा वाटतो. आरक्षणाची जमीन दहा वर्षांत घेतली नाही तर कलम 127 खाली मालक नोटीस देतो, आणि मुदतीत हालचाल झाली नाही की आरक्षण रद्द होतं. एकदा ती बाग गेली की त्या कॉलनीला पुन्हा कधी बाग मिळत नाही. रोख पैसे नसलेल्या महापालिकेला आरक्षण वाचवण्याचा टीडीआर हा जवळपास एकमेव मार्ग आहे. शेतकऱ्याच्या बाजूने मात्र चित्र एवढं गोड नाही. त्याला रोख हवी असते, कागद नको. बाजारात टीडीआरला गिऱ्हाईक नसेल तर ते प्रमाणपत्र कपाटात पडून राहतं. तपोवनातल्या साधुग्रामच्या जमिनींच्या मोबदल्याचा वाद कुंभमेळा जवळ आला की पुन्हा पेटतो, तो उगाच नाही.

आता वाहतूक कोंडीकडे येऊ, कारण नाशिककराला ती रोज भेटते.

दोन्ही प्रकारांना रस्त्याच्या रुंदीची अट आहे. सोसायटीसमोरचा रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद असेल तर पेड एफएसआय नाही आणि टीडीआरही नाही, मूळ 1.10 वर थांबायचं. 9 ते 12 मीटरच्या आत पेड 0.50 आणि टीडीआर 0.40, एकूण 2.00. पुढे रस्ता रुंद होत जातो तसा पेड एफएसआय 0.50 वरच थांबतो, पण टीडीआर वाढत जातो: 12 मीटरला 0.65, 15 ला 0.90, 24 ला 1.15, आणि 30 मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावर 1.40, म्हणजे एकूण 3.00. शिवाय जिने, पॅसेज, बाल्कनी यांसाठी निवासी बांधकामाला 60 टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र मिळतं, त्याचं अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम, वेगळं. म्हणून 1,000 चौरस मीटरच्या प्लॉटवर कागदावरचे 2,000 प्रत्यक्षात 3,200 होतात. सभेत ‘दोन एफएसआय’ ऐकून ज्यांनी मनात चार मजले धरलेले असतात, त्यांना नकाशात सात दिसतात ते यामुळेच.

रुंद रस्त्यावर जास्त मजले, हे ऐकायला बरोबर वाटतं. घोळ ‘रुंदी’ मोजण्यात आहे. नाशिकच्या जुन्या कॉलन्यांमध्ये 6 आणि साडेसात मीटरचे रस्ते पुष्कळ. 2016 च्या राज्याच्या टीडीआर धोरणाने 9 मीटरची अट घातली आणि अशा रस्त्यांवरच्या इमारती अडकल्या. त्याच सुमारास गाजलेलं कपाट प्रकरण नाशिककर विसरलेले नाहीत. भिंतीबाहेर काढलेली कपाटं खोलीत धरल्याने मंजूर एफएसआय ओलांडला गेला, पूर्णत्वाचे दाखले अडले, आणि हजारो कुटुंबं हप्ते भरूनही दाखल्याविना राहिली. जादा क्षेत्र नियमात बसवायला टीडीआर हवा होता, आणि टीडीआरला 9 मीटरचा रस्ता. त्यातून महापालिका कायद्याच्या कलम 210 चा मार्ग पुढे आला: दोन्ही बाजूंच्या मालकांनी आपल्या हद्दीतून पट्टी सोडायची आणि रस्त्याची रेषा 9 मीटरची आखायची.

आज त्या रस्त्यांवरून चालत गेलं की काय दिसतं? नव्या इमारतीसमोर कुंपण दीड मीटर आत गेलेलं, तिथे पेव्हर ब्लॉक आणि त्यावर पार्क केलेल्या दोन गाड्या. शेजारच्या जुन्या बंगल्याची भिंत होती तिथेच, त्यापुढे विजेचा खांब. त्यापुढे पुन्हा नवी इमारत, पुन्हा आत गेलेलं कुंपण. कागदावर रस्ता 9 मीटरचा झाला, वाहनाला मात्र साडेसातच मीटर मिळतात आणि त्यावर दुप्पट घरांच्या गाड्या येतात. शाळा सुटायच्या वेळी स्कूल व्हॅन आणि पाण्याचा टँकर समोरासमोर आले की एकाला कोपऱ्यापर्यंत मागे जावं लागतं.

इथे टीडीआरची कमजोर बाजू उघडी पडते. जमीन मिळते आडगाव-मखमलाबादच्या बाजूला आणि माणसं वाढतात गंगापूर रोडला, कारण बिल्डर टीडीआर तिथेच चढवतो जिथे फ्लॅट महाग विकला जातो. डीपी रोड झाला त्या भागातल्या लोकांना तो उपयोगी पडतोच, पण कॉलेज रोडच्या सिग्नलला त्याने काडीचाही आराम पडत नाही. यावर उतारा म्हणून दरांच्या गुणोत्तराचं सूत्र आहे. टीडीआर जिथून आला तिथला रेडीरेकनर दर भागिले जिथे वापरायचा तिथला दर, आणि त्या प्रमाणातच क्षेत्र मिळतं. समजा कडेच्या शिवारात दर 5,000 आणि तुमच्याकडे 20,000. मग तुमच्या प्लॉटवर 400 चौरस मीटर चढवायला 1,600 चौरस मीटरचं प्रमाणपत्र लागेल, आणि त्यासाठी कुणीतरी 800 चौरस मीटर जमीन शहराला दिलेली असेल. मला हे सूत्र न्याय्य वाटतं. स्वस्त जमिनीच्या जोरावर महाग वस्तीत फुकट मजले चढत नाहीत. पण गाड्यांचा हिशेब त्यात कुठेच नाही.

पेड एफएसआयची कमजोरी वेगळी. पैसे येतात, पण ज्या गल्लीत मजले वाढले त्याच गल्लीच्या ड्रेनेजवर किंवा फुटपाथवर ते खर्च झालेच पाहिजेत असं बंधन नाही. इंदिरानगरच्या बोगद्याजवळ रोज संध्याकाळी अडकणाऱ्या माणसाने त्याच रस्त्यावरच्या नव्या इमारतींकडून किती प्रीमियम जमा झाला हे विचारण्यात काही गैर नाही. प्रभागवार हा आकडा महापालिकेने दरवर्षी जाहीर करायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

घराच्या किमतीचं काय? लोकांचा समज असा की जादा एफएसआय मिळाला, घरं जास्त झाली, म्हणजे दर उतरतील. पुनर्विकासात तसं सहसा होत नाही. नव्या बांधकामातून आधी जुन्या सभासदांना वाढीव घरं द्यायची, त्यांचं दोन-तीन वर्षांचं भाडं, कॉर्पस म्हणजे सोसायटीला द्यायचा निधी, आणि मग प्रीमियम, टीडीआर, पूरक क्षेत्राचं अधिमूल्य, हा सगळा भार विक्रीसाठी उरलेल्या थोड्या फ्लॅटवर पडतो. त्यातही दोघांचं वागणं वेगळं आहे. पेड एफएसआय रेडीरेकनरला बांधलेला. 1 एप्रिल 2025 ला राज्यभर ते दर वाढले तसा हा खर्चही आपोआप वाढला, मग बाजारात फ्लॅट विकले जात असोत वा नसोत. टीडीआरचा भाव मात्र घेणारा आणि विकणारा ठरवतात. मंदीत तो पडतो, बांधकामाचा जोर वाढला की चढतो. दोन्ही पूर्ण वापरायलाच हवेत अशी सक्ती नाही, त्यामुळे बिल्डर जे स्वस्त ते आधी घेतो. त्यात गैर काही नाही. पण प्रस्तावात महाग पर्याय धरून सभासदांचं वाढीव क्षेत्र कमी दाखवायचं आणि नंतर स्वस्त पर्याय वापरायचा, असं झालं तर फरक बिल्डरकडे राहतो आणि सभासदांना कळतही नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या तरुण जोडप्याला तर या फरकातलं काहीच मिळत नाही. ते घर शोधत पाथर्डी फाट्याच्याही पुढे जातात आणि तिथून कामावर यायला आणखी दोन दुचाकी रस्त्यावर आणतात.

या दोघांत तिसरी गोष्टही मिसळली जाते. 30 वर्षांहून जुन्या किंवा धोकादायक इमारतीच्या पुनर्विकासाला प्रोत्साहनपर एफएसआय मिळतो: अधिकृत जुन्या बांधकामाच्या 30 टक्के किंवा प्रत्येक सदनिकेमागे 15 चौरस मीटर, यात जे जास्त असेल ते. तो तुमच्या इमारतीच्या वयाने मिळवलेला आहे. प्रस्तावात तो पेड एफएसआयमध्ये मिसळून ‘आम्ही आणून देतो’ असं लिहिलेलं असेल तर तिथेच बोट ठेवा.

जुन्या नाशिकमधल्या वाड्यांना, भद्रकाली-दहीपूल भागाला, यातलं बरंचसं लागू होत नाही. तिथे दाट वस्तीचे वेगळे नियम, भाडेकरू-मालकांचे वाद आणि बोळांची रुंदी असा वेगळाच गुंता आहे. तसंच गोदावरीच्या निळ्या पूररेषेच्या आतल्या प्लॉटवर टीडीआर चढवता येत नाही. 2008 चा पूर ज्यांच्या घरात शिरला होता त्यांना यामागचं कारण समजावून सांगायला नको.

सोसायटीने बिल्डर नेमण्याआधी स्वतःच्या आर्किटेक्टकडून व्यवहार्यता अहवाल करून घ्यावा, आणि त्यात मूळ, प्रोत्साहनपर, पेड, टीडीआर आणि पूरक असे पाच वेगळे रकाने मागावेत, प्रत्येकापुढे चौरस मीटर आणि रुपये. रस्त्याची रुंदी जागेवर टेप लावून मोजावी आणि मंजूर रेखांकनाशी ताडून पाहावी, कारण एका फुटाच्या फरकाने 2.00 चे 1.10 होतात. टीडीआर कुठून येणार हे दाखवणाऱ्या डीआरसीची प्रत करारनाम्याला जोडून घ्यावी. तो ज्या सर्व्हे नंबरमधून आला तिथे खरंच रस्ता किंवा बाग झाली आहे का, हे रविवारी सकाळी गाडी काढून पाहून येता येतं.