पिकअपला पिकअप का नाही?

जुन्या पेट्रोल पिकअपचं रडगाणं बहुतेक वेळा एकच असतं. जागेवर इंजिन छान गुणगुणतं, सपाटीवरही तक्रार नाही. पण मागे चार पोती टाकून कात्रजच्या चढाला लागलं की दम जातो. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तर गाडी झटके देते, सायलेन्सरमधून फटाके वाजतात. मग पहिला बळी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरचा. तो खोलायचा, धुवायचा, जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) फुंकायचे, परत बसवायचा. गाडी तशीच! माझं ऐकाल तर आधी डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला ठिणगीचा करंट वाटणाऱ्या भागाची, कॅप काढा.

उदाहरणाला विलीजचं ‘हरिकेन’ इंजिन घेऊ: चार सिलिंडर, 2.2 लिटर. अमेरिकेत 1950 पासून ते विलीजच्या पिकअपमध्ये बसू लागलं आणि महिंद्राच्या जीपमुळे आपल्याकडच्या मिस्त्रींच्याही हाताखालून गेलं. 3000 आरपीएमला या इंजिनाला सेकंदाला 100 ठिणग्या लागतात. म्हणजे एका ठिणगीच्या वाट्याला 10 मिलिसेकंद, आणि त्यातही डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे दोन संपर्क, जेमतेम चार-पाच मिलिसेकंद मिटलेले असतात. तेवढ्यात कॉइलमध्ये, म्हणजे व्होल्ट वाढवणाऱ्या तारेच्या गुंडाळीत, करंट चढायचा, चुंबकीय क्षेत्र तयार व्हायचं. पॉइंट उघडले की ते क्षेत्र कोसळतं आणि कॉइलच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत वीसेक हजार व्होल्ट उठतात.

क्षेत्र कोसळायला हवं मात्र झटक्यात. वाहता करंट सहजासहजी थांबत नाही, उघडणाऱ्या पॉइंटमधूनच उडी मारू बघतो. त्या क्षणी त्याला पोटात घेतो तो कंडेन्सर, करंगळीएवढी डबी. ती कमजोर झाली की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच पडत राहते. पॉइंट काढून उजेडात धरा. एका बाजूला टेकाड आणि समोरच्या बाजूला खड्डा दिसला, तर एकीकडची धातू दुसरीकडे जाऊन बसली आहे. अशा पॉइंटमध्ये फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातलं तरी फसगतच, कारण पट्टी टेकाडाच्या माथ्याला टेकते आणि खरी फट त्याहून मोठी असते. पॉइंट बदला, सोबत कंडेन्सरही. दोन्हींची किंमत फार नाही. फट 0.5 मिलिमीटर ठेवा.

पण मग हीच गाडी जागेवर नीट का चालते? थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी झडप) मिटलेला असताना सिलिंडरमध्ये मिश्रण थोडंच शिरतं. चढावर थ्रॉटल पूर्ण उघडतो, सिलिंडर गच्च भरतो, आणि दाबलेल्या दाट वायूतून ठिणगीला उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. अशक्त ठिणगी नेमकी तिथेच कच खाते. म्हणून ‘जागेवर चांगली, चढावर मेली’ हे ऐकलं की माझा संशय आधी करंटवर जातो.

पॉइंटचा, त्यांना उघडणाऱ्या फिरत्या कॅमवर घासणारा ठोकळा झिजला तर फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे पडतं. मग ताकद जाते, इंजिनही तापतं. हा बिघाड इतका सावकाश होतो की रोज चालवणाऱ्याला कळतही नाही.

करंट ठीक निघाला तर मग खुशाल कार्बोरेटरकडे वळा. प्लगचं टोक पांढरंफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय. काळं, काजळी धरलेलं असेल तर जास्त होतंय. पांढऱ्या प्लगमागे आता एक नवं कारण असतं: पेट्रोलमध्ये मिसळलेलं 20 टक्के इथेनॉल. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने 14.7 भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण 13.5. नव्या गाडीतला सेन्सर ते ओळखून इंधन वाढवतो. जुन्या जेटचं भोक काही आपणहून मोठं होत नाही. एसी पंपाचा (टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा) जुना रबरी पडदाही इथेनॉलने फुगतो, तोही बघा.

एवढं करूनही जोर आला नाही, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेजने मोजा. एका सिलिंडरचा काटा खाली राहिला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि परत मोजा. काटा वर चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, कारण तेलाने त्यांची फट बुजवली. तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. हरिकेनमध्ये इनटेकचा व्हॉल्व्ह हेडमध्ये असतो आणि एक्झॉस्टचा खाली ब्लॉकमध्ये, तेव्हा हेडबरोबर ब्लॉकच्या बाजूचं झाकणही काढायच्या तयारीने बसा.